सरीची चतुःसीमा

महानंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुरीची डाळ निवडत होते. लातूरहून तिची सून रेखा बोलत होती. "मावशी, आई गेल्या. चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आन्..." मी म्हटलं, "ठेव फोन, निघते मी." डाळ सुपातच राहिली. लेकाला सांगितलं आणि नांदेडच्या स्टँडवर मिळेल ती गाडी धरली. गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, कोण लागत होतं? मी म्हटलं, शेजारीण. शेजारणीसाठी एवढ्या लांब, असं ती तोंडानं म्हणाली नाही, पण बघितलं तसंच.

त्यांच्यात, लिंगायतांत, मयताला निजवत नाहीत, बसवतात. महानंदा खुर्चीवर बसलेली होती, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचे हार. माझी नजर तिच्या तोंडाकडं जायला पाहिजे होती, ती गेली गळ्याकडं. हार बाजूला सारून बघितला, तर गळा रिकामा. बायकांना वाटलं असेल की म्हातारी शेवटचं तोंड बघून राहिली. वाटू द्या. मी सरी शोधत होते. सरी म्हणजे गळ्याभोवती बसणारी भरीव सोन्याची कडी, पुढं आकडा. महानंदाच्या सासूची होती ती. रेखाकडं बघितलं, तर तिनं डोळ्यांनीच आतल्या खोलीतलं कपाट दाखवलं. कपाटाची किल्ली शिवराजच्या खिशात. शिवराज हा महानंदाचा एकुलता एक मुलगा, रेखाचा नवरा. तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नाही. रडू आलं नाही, अजूनही नीट आलेलं नाही. कारण त्या सरीचा घोळ माझ्यामुळं झालाय, आणि तो कसा झाला ते आधी सांगितलं पाहिजे.

आम्ही नांदेडला एका गल्लीत चाळीस वर्षं शेजारी. दोघींच्या अंगणात कमरेएवढी भिंत. मी मुखेडकडची, चौथी शिकलेली, नवरा एसटीवर ड्रायव्हर. ती लातूरच्या व्यापाऱ्याची मुलगी, सातवी शिकलेली, नवऱ्याचं किराणा दुकान. आम्ही बौद्ध. पहिली दोन वर्षं ती माझ्या घरचं पाणी प्यायली नाही. नंतर एकदा तिच्या नळाला चार दिवस पाणी आलं नाही तेव्हा माझ्या हौदावर घागर घेऊन आली, आणि घागर भरायच्या आधी ओंजळीनं प्याली. मी म्हटलं, "बाटलीस की गं." ती म्हणाली, "तहान लागल्यावर कामून बाटंल माणूस? तू घागर भर." एवढंच बोलणं झालं त्यावर. पुढं कधी तो विषय निघाला नाही, पण माझ्या हातची भाकरी तिच्या पोरांनी जास्त खाल्ली की माझ्या, हे सांगता येणार नाही.

तिला पेपर वाचायची एक खोड होती. पहिलं पान ती बघायचीच नाही. आत जिथं बारीक अक्षरात जाहीर प्रगटनं छापतात तिथून सुरुवात. अमुक गट नंबर, अमुक प्लॉट, माझ्या अशिलानं विकत घेण्याचं ठरवलं आहे, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावं. भिंतीवर कोपर टेकवून मला मोठ्यानं वाचून दाखवायची. "शेवंते, ऐक, नायगावच्या माणसानं नाव बदललं. आधीचं काय वाईट होतं?" तिच्या नवऱ्यानं दोन प्लॉट घेतले, दोन्ही वेळा असं प्रगटन आलं. दोन्ही वेळा तिनं पंधरा दिवस बोटावर मोजले, कुणी हरकत घेतली नाही, आणि मग नवऱ्यानं कचेरीत जाऊन कागद केला. तिच्या मनात पक्कं बसलं की वस्तू आपली व्हायची असेल तर आधी पेपरात द्यायचं, पंधरा दिवस गप बसायचं, मग ती आपली. प्लॉट नवऱ्याच्या नावावर झाले. घर सासऱ्याच्या नावावरून नवऱ्याच्या नावावर आलं, आणि नवरा गेल्यावर दुसऱ्यांनी जिथं बोट दाखवलं तिथं तिनं सही केली आणि ते शिवराजच्या नावावर गेलं. तिच्या नावावर राहिलं राशनकार्ड. त्यातही तिचं नाव चुकीचं, मंदाकिनी.

नवरा गेल्यावर तिनं मंगळसूत्र काढलं, सरी काढली नाही. नात्यातल्या बायका टोचून बोलायच्या. एकीनं विचारलं, "आता कुणाला दाखवायला ठेवलीस?" महानंदा म्हणाली, "तुला. तू बघून राहिलीस की." तरी ती सरी पदराखालीच ठेवायची.

मग नोटा बंद झाल्या तो हिवाळा आला. नोटांच्या पाठोपाठ सोन्याची आवई उठली. टीव्हीवर, फोनवर एकच चर्चा... घरातलं सोनं जाहीर करावं लागणार. लग्न झालेल्या बाईला पन्नास तोळे, बिनलग्नाच्या मुलीला पंचवीस, पुरुषाला दहा, त्याच्या वरचं सरकार नेणार. आमच्या गल्लीत पन्नास तोळे कुणाच्या सात पिढ्यांत नव्हते, पण भीती सगळ्यांना. एकीनं बांगड्या पिठाच्या डब्यात घातल्या, एकीनं तुळशीखाली. माझ्याकडं लपवायला दोन मणी, ते गळ्यातच. महानंदा मात्र भिंतीशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "शेवंते, ह्याच्यात मी कुठं हाय?"

"कशात?"

"लग्न झालेली पन्नास, न झालेली पंचवीस. नवरा मेलेली किती?"

मी म्हटलं, "तुझं लग्न झालेलं हाय की."

"झालेलं हाय. पण हाय का?"

मला हसू आलं होतं. तिला आलं नव्हतं. तिच्याकडं एकूण अकरा-बारा तोळे. सासूची सरी, माहेरच्या पाटल्या, आणि शेवया-पापड करून स्वतः घेतलेल्या कानातल्या कुड्या. मोजायचीच गरज नव्हती. पण यादीत आपण नाही ही गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. जेवता जेवता उठून यायची. तहसीलला गेली, तिथल्या कारकुनानं बँकेत पाठवलं, बँकेनं सांगितलं सीएकडं जा. सीएकडं मला बरोबर घेऊन गेली. पोरगा तरणा, पण ऐकून घेणारा होता. त्यानं सांगितलं, "आजी, ही मर्यादा धाड पडली तर कामाची. एवढ्या सोन्याला पावती नसली तरी अधिकारी जप्त करत नाहीत. त्याहून जास्त ठेवायलाही बंदी नाही, कुठून आलं ते दाखवता आलं म्हणजे झालं."

"आन् विधवा?"

त्यानं फोनमध्ये बघितलं, कागद उलटा केला, सुलटा केला. "विवाहितच धरत असतील... वेगळं लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं न्हाई," ती माझ्याकडं बघून म्हणाली, जणू मीच लिहायचं विसरले होते. मग त्याला म्हणाली, "बरं, आता माझं जाहीर करून घ्या. कुठं सही करू?"

"तुम्ही रिटर्न भरता का?"

"कशाचं?"

"मग जाहीर कुठं करणार? लई कमाई असणाऱ्यांना दाखवावे लागतात दागिने. तुमचं इतकं कमी आहे की विचारणारच नाही कुणी. बिनघोर राहा."

पोरानं धीर द्यायला सांगितलं. तिला तो अपमान वाटला. जिन्यावरून उतरताना म्हणाली, "लोक सरकारपासून सोनं लपवून राहिले. मी घ्या लिहून म्हणून मागं लागले, तर सरकारकडं वहीच न्हाई." तेव्हा मला कळलं की तिला सरकारची भीती नव्हतीच. तिला एक कागद पाहिजे होता, ज्याच्यावर तिचं नाव आणि तिची वस्तू एका ओळीत असेल.

आणि तसा एक कागद तिच्या घरात होता, पण वाचता येत नव्हता. सरीबरोबर सासूनं एक चिठ्ठी दिली होती, निजामाच्या काळातली, उर्दूत. चौघडी घालून घालून घडीवर फाटलेली. आमच्या पलीकडच्या गल्लीत हमीद मास्तर राहायचे, उर्दू शाळेतून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा पुसला, चिठ्ठी उजेडाकडं धरली आणि वाचली, "मुसम्मात गुरुबाई... सरी, सोना खालिस, चार तोळे दोन माशे."

"मुसम्मात म्हणजे?" तिनं विचारलं.

"म्हणजे श्रीमती. बाई. गुरुबाई के नाम की रसीद हाय ही."

"सासऱ्याचं नाव?"

"कुठंच नाही. बाईचंच."

ती मास्तरांच्या ओट्यावर बसूनच राहिली. चहा आला, निवला. मग म्हणाली, "निजामाच्या राज्यात माझ्या अंगठेबहाद्दर सासूच्या नावानं कागद झाला. आन् मी सातवी शिकले." मास्तर म्हणाले, "सोनाराला दाखवून घ्या वजन. चिठ्ठीवर तारीख हाय, वजन हाय, बहुत अच्छी चीज हाय. संभाळा."

सराफाकडं गेलो. त्यानं सरी काट्यावर ठेवली आणि म्हणाला, "पावणेपाच तोळे." महानंदा चमकली. चिठ्ठीत चार तोळे दोन माशे. "सासू मेल्यावर सरी वाढली का रे?" तिनं विचारलं. सराफ हसला आणि त्यानं समजावलं की जुना तोळा बारा माशांचा, वजनाला जड. आता दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, म्हणून आकडा मोठा दिसतो. सरी तेवढीच हाय, उलट झिजून थोडी कमी झालीय. तिला ते पटायला वेळ लागला. मग सराफानं त्याच्या धंद्याचं सांगितलं, "काकू, ह्याच्यावर हॉलमार्क न्हाई. पुढं विकताना त्रास. मोडा, आटवून नवीन करून देतो, शिक्क्याची, पावतीसकट, तुमच्या नावाची."

तुमच्या नावाची म्हटल्यावर ती घुटमळली. मी बघत होते. तिचा हात काट्यावरची सरी सराफाकडं सारायला गेला होता. मग सरी उचलून गळ्यात घातली आणि म्हणाली, "आटवली की चिठ्ठी खोटी पडंल. गुरुबाई गेली ती गेली, पुन्हा कामून मारू?" सराफ प्रामाणिक होता. म्हणाला, घरात ठेवायला शिक्का लागत नाही, ठेवा तशीच.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढं तिनं जे केलं ते जगात दुसऱ्या कुणी केलं नसेल. मला न सांगता ती कोर्टाबाहेरच्या अर्जनवीसाकडं गेली, आणि सरीचं जाहीर प्रगटन करून पेपरात दिलं.

त्या अर्जनवीसाला जमिनीचाच मसुदा पाठ. त्यानं तिला विचारलं, "चतुःसीमा सांगा." जमिनीच्या कागदात लिहितात ना, पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, ती चतुःसीमा. तिनं सांगितलं आणि त्यानं लिहिलं. पेपर आला त्या सकाळी ती भिंतीशी आली, कोपर टेकवलं, आणि नेहमीच्या आवाजात वाचू लागली. ते कात्रण आता माझ्यापुढं आहे, म्हणून जसंच्या तसं उतरवते.

"तमाम लोकांस कळविण्यात येते की, खालील वर्णनाची मिळकत सोन्याची सरी एक नग, माझ्या सासूबाई कै. गुरुबाई यांच्याकडून मला मिळालेली असून ती माझ्या एकटीच्या मालकीची आहे. चतुःसीमा : वर हनुवटी, खाली पदर, उजवीकडे व डावीकडे खांदा. सदर मिळकत माझ्या प्रत्यक्ष ताब्यात, वहिवाटीत व गळ्यात आहे. तरी सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध अगर दावा असल्यास पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्यावी. मुदतीनंतर आलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही."

मी म्हटलं, "बाई, तू येडी झालीस का? चोराला पत्ता दिलास."

"चोर हे पान वाचत न्हाईत. वाचलं तर हरकत लेखी द्यावी लागंल."

गल्ली आठ दिवस हसत होती. दूधवाला विचारायचा, "काकू, वहिवाट चालू हाय का?" लातूरहून शिवराजचा फोन आला. तो तिकडं फरशीचं दुकान टाकून बसला होता. फोनवरचं ओरडणं मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. "आई, व्यापाऱ्यांत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस तू! अन् घरचं सोनं हाय ते, तुझं एकटीचं कसं?" तिनं शांतपणे सांगितलं, "तुझी हरकत हाय का? मग लेखी पाठव. पंधरा दिवस हायत." तिकडून फोन आपटला. पंधरा दिवस ती रोज पोस्टमनची वाट बघायची. हसत नव्हती, खरंच बघायची. एखादी नणंद, एखादा पुतण्या, कुणीतरी लिहील... मला वाटतं पोराच्या पत्राचीच धास्ती होती तिला. कुणाचंच पत्र आलं नाही. सोळाव्या दिवशी सकाळी अंगणात आली तेव्हा सरी पदराच्या वर होती. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "झाली माझी."

कायद्यानं त्या प्रगटनाला किंमत नव्हती, हे मला आता माहीत आहे. ती सरी प्रगटनाच्या आधीपासूनच तिची होती. बाईला लग्नात मिळालेलं, सासूनं दिलेलं, आईनं दिलेलं, तिनं स्वतः घेतलेलं सोनं तिचंच असतं, त्याच्यावर नवऱ्याचा हक्क नाही, पोराचा नाही. लातूरच्या वकीलबाईनं नंतर हे सांगितलं तेव्हा महानंदा म्हणाली होती, "मग हे कुणी आधी सांगितलं कामून न्हाई? माझे छापायचे पैसे वाचले असते."

वकीलबाईकडं जायची वेळ आली ती रेखामुळं. महानंदाचे पाय गेले आणि शिवराज तिला लातूरला घेऊन गेला. दोन वर्षं तिचं सगळं रेखानं केलं. सगळं म्हणजे काय ते वाचणाऱ्या बायकांना कळेल. रेखाच्या अंगावर लग्नात आठ तोळे होते. फरशीच्या दुकानासाठी शिवराजनं ते मोडले, दोन वर्षांत करून देतो म्हणाला, त्याला बारा वर्षं झाली. महानंदा फोनवर मला म्हणायची, "पोरीच्या गळ्यात काळे मणी अन् खालून हार का कायसा. खोटा. मला लाज वाटून राहिली माझ्या सरीची." तिनं ठरवलं की पाटल्या मुलीला द्यायच्या, देवणीला दिलेल्या सविताला. सरी रेखाला, सासूकडून सुनेला, आली तशी जाईल. आणि कुड्या मोडून स्वतःच्या मातीचा खर्च करायचा. "माझ्या मरणाचा खर्च केला असं कुणाला म्हणू द्यायचं न्हाई."

वकीलबाईनं सांगितलं की बोललेलं पुरत नाही. तुम्ही कागद न करता गेलात तर सोनं मुलाला आणि मुलीला निम्मं-निम्मं. सुनेला काही नाही. सुनेला द्यायचं तर मृत्युपत्र करा. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, पण साक्षीदार दोन पाहिजेत. महानंदानं कागद केला. एक सही शेजारच्या रिटायर तलाठ्याची झाली. दुसरी माझी ठरली. मी म्हटलं, "लातुरात माणसं मेली का?" ती म्हणाली, "तलाठ्याला शिवराज फिरवील. तुला फिरवून दाखव म्हणावं."

मी गेले नाही. आधी गुडघा धरला होता. मग घराला रंग काढला होता. मग नातीची परीक्षा. तिचा फोन यायचा, "शेवंते, कधी येतीस?" मी म्हणायची, "पुढच्या महिन्यात." असे पाच महिने गेले. गुडघा खरा होता, पण त्याच गुडघ्यानं मी मुखेडच्या लग्नाला जाऊन आले. खरं कारण सांगते. माझ्या मनात बसलं होतं की सही झाली की ही मोकळी होईल आणि जाईल. चौथी शिकलेल्या बाईला शोभेल असा अडाणी विचार. ती सहीवाचून गेली.

तिसऱ्या दिवशी सगळे बसले. वकीलबाईनं कागद बघितला आणि म्हणाली, एकच साक्षीदार आहे, हा टिकत नाही. शिवराज काही वाईट बोलला नाही. नुसतं म्हणाला, "मग कायद्यानं जे हाय ते होऊ द्या." सविता तिथंच म्हणाली, "पाटल्या आईनं मला दिल्या, त्या घेते. सरीतला माझा निम्मा हिस्सा वहिनीला." राहिली शिवराजची अर्धी सरी. भरीव कडी अर्धी कशी करणार? तो म्हणाला, "मोडू. भाव लाखाच्या वर गेलाय. अर्धे पैसे रेखाच्या नावावर ठेवतो." रेखा आतून पाणी घेऊन आली, सगळ्यांना दिलं.

मी निघायच्या आधी ती माझ्याजवळ आली. हातात तो कागद आणि पेन. महानंदाची सही, तलाठ्याची सही, आणि खाली माझ्यासाठी ठेवलेली रिकामी ओळ. रेखा हळूच म्हणाली, "मावशी, कागदावर तारीख जुनीच हाय. वकीलबाईनं वाचून परत दिला, झेरॉक्स कुणी काढली न्हाई." मी पेन हातात घेतलं. एक ओळ. चार अक्षरं. माझी सही वळणदार आहे, शाळेतल्या मास्तरांनी गिरवून घेतलेली. शिवराज बाहेर खुर्च्या मोजत होता...

मी केली नाही. पेन तिच्या हातात परत दिलं. महानंदा जिवंत असताना खरी सही करायला मला पाच महिने पुरले नाहीत, आणि ती गेल्यावर खोटी करायला दोन मिनिटं पुरत होती. ज्या बाईनं आयुष्यभर एक खरा कागद मागितला तिच्या कागदावर मी खोटं लिहू? "न्हाई जमत गं," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "असू द्या." मी तिच्या जागी असते तर मला असू द्या म्हणता आलं नसतं. गाडीत बसल्यापासून आजपर्यंत रोज त्या ओळीवर मी सही करते आणि खोडते. बरोबर केलं का चूक, मला ठरवता येत नाही. कुणी ठरवून सांगितलं तरी ऐकणार नाही.

निघताना रेखानं महानंदाचा पत्र्याचा डबा माझ्याकडं दिला, म्हणाली, ह्याच्यात तुमचंच काहीतरी हाय. डब्यात उर्दू चिठ्ठी, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली. तिच्याखाली ते कात्रण. कात्रणाच्या कडेला तिनं पेन्सिलीनं एक ते पंधरा आकडे लिहिलेत आणि एकेक करून खोडलेत. पंधराच्या पुढं लिहिलंय, कोणी आले नाही.

आता पेपर आला की मी तिचं पान आधी उघडते. भिंतीपलीकडं भाडेकरू राहतात, त्यांच्या पोरांना वाटतं आजी एकटीच बडबडते. मी वाचते, बारीक अक्षरातलं सगळं, गट नंबर, नावबदल, हरवलेले परीक्षेचे मार्कमेमो. परवा वाचता वाचता लक्षात आलं की हरकतीची मुदत तेव्हाच संपली होती. शिवराजला विचारलं होतं तिनं, फोनवर, माझ्या कानांनी ऐकलंय. त्यानं लेखी काही दिलं नव्हतं. वकीलबाई म्हणेल, ह्याला कायद्यात अर्थ नाही. नसू दे. आई विचारून राहिली होती, तो गप बसला होता, एवढं तर त्याला माहीत आहे.

म्हणून हे लिहायला बसले. नातीनं काना-मात्रा तपासला, बाकी माझं. रेखाला फोन करून विचारलं, पेपरात देऊ का. ती म्हणाली, "द्या. चतुःसीमा नीट लिहा."

तर तमाम लोकांस कळवते की, गुरुबाईची आणि तिच्यानंतर महानंदाची ती सरी रेखाची आहे. वर हनुवटी, खाली पदर, दोन्हीकडं तिचे खांदे. आज तिच्या ताब्यात नाही. साक्षीदार मी, सही उशिरा करून राहिले. शिवराज, पेपर तुझ्या दुकानात येतो. मोडायला नेण्याआधी एवढं वाच. हरकत असली तर लेखी पाठव, पत्ता तुला माहीत आहे, तुझ्या आईच्या अंगणाच्या भिंतीपलीकडचं घर. कात्रणाच्या उलट्या बाजूला मी एक ते पंधरा आकडे लिहून ठेवलेत. पेन्सिल डब्यातच होती.